एनपीएस आणि नवीन करप्रणाली: वजावट नेमकी कशावर मिळते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, राहायला सुदामा नगर, नोकरी पीथमपूरला खासगी कंपनीत. पीएफ कापला जातो, पण पेन्शन म्हणावं असं काही नाही. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या मोबाइलवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो आणि आई लगेच किराण्याची यादी काढते. ती निश्चिंती मलाही हवी आहे, म्हणून एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजना) टियर 1, म्हणजे निवृत्तीसाठीचं मुख्य खातं उघडून यंदा (2025-26) एप्रिलमध्येच 50,000 भरले.

सहकारी म्हणतो, प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80सीसीडी(1बी)खाली 50,000 ची जादा वजावट मिळतेच. सीए म्हणतात, तू नवीन करप्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) आहेस, काही मिळणार नाही. त्यात एचआरचा फॉर्म आलाय: मूळ पगाराच्या 14 टक्के रक्कम कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवायची का? खातं तेच, पैसेही माझ्याच पॅकेजमधले, मग एका वाटेने सवलत आणि दुसऱ्या वाटेने नाही, असं का?

वार्षिक पगार 13,60,000 (कंपनीचा पीएफ सोडून), मूळ पगार महिना 60,000. गृहकर्ज नाही. धाकट्या भावाची फी मी भरते, त्यामुळे हातात किती येईल याची खरी काळजी आहे.

उत्तर:
ताई, तुम्ही स्वतः भरलेल्या 50,000 बद्दल सीए बरोबर सांगताहेत. 80सी (पीएफ, विमा वगैरेंची वजावट) आणि 80सीसीडी(1बी) जुन्या प्रणालीतच चालतात, सहकारी तिकडचा असणार. नवीन प्रणालीत 80सीसीडी(2) मिळतं, म्हणजे मालकाने भरलेला हिस्सा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात खासगी नोकरदारांसाठी ही मर्यादा 10 वरून 14 टक्के झाली. कायदा खातं बघत नाही, पैसे कोणी भरले ते बघतो.

तुमचा हिशोब: 13,60,000 मधून प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) 75,000 गेली की 12,85,000 उरतात. कर सेससह (करावरचा 4 टक्के उपकर) 75,660. कंपनीमार्फत 14 टक्के, म्हणजे वर्षाला 1,00,800 वळवले तर उत्पन्न 11,84,200. बारा लाखांच्या आत, म्हणून कलम 87ए ची सूट लागून कर शून्य! महिन्याला 8,400 एनपीएसमध्ये जातील, पण 6,305 कर वाचेल. हातातला पगार जेमतेम 2,100 ने कमी होईल. जुन्या प्रणालीत 80सीचे दीड लाख आणि एनपीएसचे 50,000 धरूनही कर दीड लाखाच्या घरात जातो, तिकडे वळूच नका.

एक मात्र नीट विचारात घ्या. मुदतीआधी अंशतः काढता येते ती स्वतः भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत, तीही ठरावीक कारणांसाठी. कंपनीच्या हिश्श्याला हात लावता येत नाही. भावाच्या फीची सोय वेगळी ठेवा. नोकरी बदलली तरी प्रान क्रमांक (एनपीएसचा तुमचा कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो, त्याची चिंता नको.

प्रश्नकर्ती:
खूप आभार दादा, आता कळलं. पण माझ्या नावावरच्या एफडीचं यंदा साधारण 22,000 व्याज येईल. मग बारा लाख ओलांडले जातील ना?

उत्तर:
हो, उत्पन्न 12,06,200 होईल. पण घाबरू नका, इथे सीमांत सवलत लागते: बारा लाखांवर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे 6,200 आणि त्यावर 4 टक्के सेस, एकूण 6,448. रिटर्नमध्ये व्याज दाखवायचं मात्र राहू देऊ नका.