थार डिझेलला जादा टाकी: किती लिटरची, कुठे, जोडणी कशी?

वाटाड्या१२
गाडी थार डिझेल, २०२२ ची, हार्ड टॉप, मूळ टाकी ५७ लिटर. ऑक्टोबरअखेर लेह–पँगाँग–चुशुल–हानले–उमलिंग ला–लेह असा फेरा ठरलाय, आडवाटा धरून ७०० किमी. मध्ये डिझेल मिळेल असं धरायचं नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, ८० लिटरची लोखंडी टाकी मागच्या बंपरखाली बसवतो आणि इंजिनाच्या डिझेल लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून जोडतो. करू का? दुसरा पर्याय असेल तर मापांसकट सांगा.

डिझेलकाका
करू नका. ८० लिटर लागत नाही, बंपरखालची जागा वाईट, आणि टी तर नकोच.

हिशोब मांडा. उंची, लो रेंज (चढणीचे हळू, जोरकस गिअर), इंजिन चालू ठेवून थांबणं, सगळं धरून लिटरला ९ किमी. ७०० किमीला ७८ लिटर. त्यावर १५ टक्के राखीव, झाले ९०. मूळ टाकीतले तळाचे ५ लिटर सोडले की ५२ हाती येतात. तूट ३८ ची. वीस लिटरच्या दोन धातूच्या जेरीकॅनमध्ये ही भागते. एकाच फेरीसाठी खर्च करत असाल तर तेवढ्यावरच थांबा.

टी का नको? कॉमन रेलचा, म्हणजे आजच्या डिझेल इंजिनाचा, हाय प्रेशर पंप जाळायला लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं गरम डिझेल रिटर्न लाइनने मूळ टाकीत परत पाठवतो. जादा टाकीतून ओढलंत आणि रिटर्न मूळ टाकीत गेला, तर मूळ टाकी भरून वाहते. जादा टाकी रिकामी झाली की त्याच टीमधून हवा शिरते आणि इंजिन बंद. शिवाय ओढणाऱ्या बाजूचा सांधा सैल असला तर थेंब पडत नाही, तो हवा ओढतो, त्यामुळे दोष शोधता शोधता दिवस जातो.

बंपरखाली टाकी लोंबली की थारचा ३६.८ अंशांचा डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा भाग न घासता चढ-उतार सोडण्याचा कोन, गेला. ओढ्यातून वर चढताना पहिला दगड टाकीलाच लागणार.

वाटाड्या१२
काका, पुढच्या वर्षी स्पितीही करायचंय, म्हणून कायमची सोय हवी होती. ४० लिटरची टाकी चालेल?

पत्रेवाला
चालेल, पण गाडीच्या इंधनव्यवस्थेला हात न लावता. टाकी आत, मागच्या ॲक्सलच्या शक्य तितकी पुढे. गाडी थांबवून १२ व्होल्टच्या ट्रान्सफर पंपाने आणि नोझलने मूळ टाकीच्या तोंडातून भरायचं. मिनिटाला ३-४ लिटरचा पंप पुरे, दहा-बारा मिनिटांत काम होतं.

माप ६० × ३० × २५ सेंमी ठेवा. आतून ४५ लिटर बसतात, भरायचं ४२ पर्यंतच. ३ मिमी ॲल्युमिनियम, आर्गन वेल्डिंग. रिकामी टाकी साडेसहा-सात किलो, डिझेल ३५ किलो. मध्ये पत्र्याचा एक उभा आडपडदा, म्हणजे बॅफल, हवाच. नाहीतर प्रत्येक ब्रेकला ३५ किलोची लाट शिवणीवर आदळते आणि कोपऱ्यातली वेल्डिंग तडकते. बॅफलचे चारही कोपरे २५ मिमी कापा: खालून डिझेल जाईल, वरून हवा.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखा गाळ बनतो आणि तो इंजेक्टरपर्यंत जातो. तांब्याच्या नळ्याही टाळा, त्यांनी डिझेल लवकर खराब होतं.

ओढणारी नळी तळापासून १५-२० मिमी वर संपवा. सर्वांत खालच्या बिंदूला ड्रेन प्लग द्या, कारण रात्रीच्या गारठ्यात आत साचलेलं पाणी तिथेच उतरतं. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर. पाइप डिझेलसाठीचाच घ्या. पारदर्शक पीव्हीसी थंडीत कडक होऊन क्लॅम्पपाशी फाटतो. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये आणि पुढे जातात. इंधनाला टिकणारं थ्रेड सीलंट मिळतं, ते लावा.

बसवताना चार एम १० बोल्ट, ८.८ ग्रेडचे, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला मोठे प्लेट-वॉशर, वरून दोन पट्टे, खाली रबर. टक्कर झाली तर वीसपट बळ धरा: ४२ किलोची भरलेली टाकी साडेआठशे किलोने पुढच्या सीटवर येईल. नुसत्या रॅचेट पट्ट्यावर भरवसा नको.

घरी नेण्याआधी ०.२ बार हवा भरून सगळ्या शिवणींवर साबणाचं पाणी फिरवा. त्याहून दाब देऊ नका, सपाट बाजू फुगतात. आणि एकदा डिझेल पडलेल्या टाकीला वेल्डिंग करायला कुणालाही देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

थंडगार_नुब्रा
व्हेंट, म्हणजे टाकीतली हवा ये-जा करायची नळी, राहिलाच, आणि या उंचीवर तोच कळीचा मुद्दा आहे. चंदीगडला घट्ट बंद केलेल्या टाकीतली हवा उमलिंग ला वर, म्हणजे १९,००० फुटांपलीकडे, जवळपास दुप्पट व्हायला बघते, कारण बाहेरचा दाब निम्म्यावर आलेला असतो. जेरीकॅनच्या बाजू डमरूसारख्या फुगतात. टाकीला किमान ८ मिमीचा व्हेंट द्या, भरण्याच्या तोंडाहून उंच चढवा, रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर व्हेंट बंद करणारा) लावा आणि शेवट गाडीबाहेर काढा. केबिनमध्ये सोडलात तर वासाने डोकं उठेल. जेरीकॅनचं झाकण दर मोठ्या चढाईनंतर बाहेर, इंजिन बंद करून, हळूच सैल करा. कॅन भरताना जमिनीवर ठेवूनच भरा.

आणि ऑक्टोबरअखेर म्हणताय म्हणून: हानलेला रात्री पारा उणे दहाखाली सहज जातो. मैदानातल्या हिवाळी डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याखाली डिझेल वाहत नाही ते तापमान, ३ अंशांपर्यंत असू शकतो. मूळ टाकी निदान इंजिन चालू असताना रिटर्नने ऊब धरते, जादा टाकीला तेही नाही, त्यातलं मेण आधी गोठतं. म्हणून चंदीगडचं डिझेल लेहपर्यंत संपवा आणि जादा टाकी लेहलाच भरा. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं हिवाळी डिझेल निघतं, पंपावर आलंय का ते विचारून घ्या. रॉकेल मिसळा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बीएस ६ च्या हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं, रॉकेलने तो कोरडा घासतो.

वाटाड्या१२
कायद्याचं काय? आरटीओ, विमा?

डिझेलकाका
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतला बदल अडवतं. कलम १८२अ नुसार बदलामागे ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायमची बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. डिझेलसाठी ४० लिटरला पेट्रोलियम कायद्याचा परवाना लागत नाही. पेट्रोल थार असती तर गोष्ट वेगळी: पेट्रोलची टाकी केबिनमध्ये मी बसवू दिली नसती.

वाटाड्या१२
मग यंदा दोन जेरीकॅन. टाकी स्पितीच्या आधी, आरटीओत विचारून. छतावर बांधले तर चालतील ना?

पत्रेवाला
नाही. कॅन धरून चाळीस किलो छतावर गेले की आडव्या उतारावर गाडी लवकर कलंडते, आणि ते हार्ड टॉप अशा वजनासाठी नाहीच. मागचं सीट दुमडून त्याच्या मागे उभे ठेवा, तोंड वर, मध्ये रबर. दोन्हींना वेगवेगळा पट्टा. खडबडीत रस्त्यावर पहिल्या ५० किमीनंतर पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात.