इटलीतील छोट्या गटाचा पाककला-वर्ग : अंडे न खाणाऱ्यांनी कोणता निवडावा?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)

सर्वांना नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई, अकरा दिवसांसाठी इटलीला जात आहोत. रोममध्ये चार आणि फ्लॉरेन्समध्ये चार रात्री ठरल्या असून उरलेले दिवस अजून मोकळे आहेत. चित्रे आणि चर्चे पाहायची हौस सर्वांनाच आहे. माझी मात्र फार वर्षांपासूनची इच्छा आहे की तिथल्या एखाद्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून त्यांच्या पद्धतीने पीठ मळायला शिकावे.

सहा ते आठ जणांच्या गटाचे, तीन-चार तासांचे आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचे, असे पुष्कळ वर्ग दिसतात. अडचण अशी की यजमान आणि जाऊबाई अंडे खात नाहीत; दीर आणि मी खातो. दोघे मळत आहेत आणि दोघे बाजूला खुर्चीवर बसून पाहत आहेत, असा वर्ग मला नको आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ असे लिहिलेले असते, त्याचा तिथे नेमका अर्थ काय होतो? वर्ग रोममध्ये घ्यावा की फ्लॉरेन्समध्ये? आणि तिथे शिकलेले इंदुरात परत आल्यावर इथल्या जिनसांतून करता येते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (राजेंद्र नगर, इंदूर)

ताई, आम्ही नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी हेच करून आलो. आमची जी चूक झाली ती तुमची होऊ नये, म्हणून आधी तीच सांगते.

फ्लॉरेन्समध्ये आम्ही दहा जणांच्या गटाचा एक वर्ग घेतला होता. नोंदणी करताना ‘शाकाहारी’ या रकान्यात खूण केली आणि निश्चिंत झालो. तिथे गेल्यावर प्रत्येकाच्या पुढ्यात शंभर ग्रॅम मैदा आणि एक अंडे ठेवलेले होते. शिकवणाऱ्या बाई मनापासून ओशाळल्या, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी कबूल केलेले सर्व पाळले होते : सॉसमध्ये मांस नव्हते. तिकडे शाकाहारी म्हणजे मांस आणि मासे न खाणारा; अंडे त्यात धरलेलेच असते. माझ्या यजमानांनी दोन तास टोमॅटो चिरले आणि तुळशीची पाने निवडली. गोडाला तिरामिसू होते, त्यातल्या क्रीममध्ये कच्चे अंडे आणि खालच्या बिस्किटांतही अंडे.

यात त्या बाईंचा दोष नाही, असे मला आजही वाटते. उत्तर आणि मध्य इटलीतील ताजा पास्ता मुळात अंड्याचाच आहे. बोलोन्यामध्ये तर १९७२ साली ताल्यातेल्लेची, म्हणजे तिथल्या अंड्याच्या पट्टीदार पास्त्याची, रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर असावी, अशी नोंद तिथल्या व्यापारी मंडळाकडे रीतसर करून ठेवलेली आहे, इतका त्यांना त्या पास्त्याचा अभिमान आहे. अशा ठिकाणी जाऊन अंडे वगळा म्हणणे म्हणजे पुरणपोळी पुरणाशिवाय मागण्यासारखे आहे. त्याऐवजी जिथे पास्ता मुळातच पीठ आणि पाण्याचा आहे, तिथे जावे.

आम्ही पुढे सिएनाजवळ एका शेतघरात दुसरा वर्ग घेतला. तिथे ‘पीची’ नावाचा पास्ता शिकवला. साधे गव्हाचे पीठ, कोमट पाणी, मीठ आणि चमचाभर ऑलिव्ह तेल मळून झाकून ठेवायचे, मग लाटून पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक पट्टी दोन्ही तळव्यांखाली वळून जाडसर दोरीसारखी लांब करायची. आम्ही सहाच जण होतो आणि एका लांब पाटाभोवती उभे होतो. माझे यजमान सर्वांत उत्तम पीची वळत होते, कारण लहानपणी आईच्या शेजारी बसून शेवया वळल्याची सवय हातात राहिली होती. वर टोमॅटो आणि त्या भागातल्या मोठ्या पाकळ्यांच्या लसणाचा सॉस होता. काही घरांत पीचीच्या पिठातही एखादे अंडे घालतात, म्हणून आधी लिहून विचारावेच. पण ते नको म्हटले तर कुणाला अडचण होत नाही. फ्लॉरेन्सहून सिएनाला बसने सव्वा ते दीड तास लागतो, म्हणजे मुक्काम न हलवता तुमचा एक दिवस यात सहज बसेल.

छोट्या गटाविषयी एक सांगते. संख्येपेक्षा ‘प्रत्येकाला स्वतंत्र पाट आणि पीठ मिळेल का’ हे विचारा. आमच्या पहिल्या वर्गात दहा जण होते आणि लाटायची यंत्रे दोन. निम्मा वेळ रांगेत गेला.

उत्तर (सुदामा नगर, इंदूर)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण गव्हाच्या व्यवहारात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

इटलीत दोन गहू आहेत. मऊ गव्हापासून त्यांचा मैद्यासारखा पांढरा, अतिशय बारीक आटा होतो. उत्तरेचा अंड्याचा पास्ता त्याचा. दुसरा कडक गहू, ज्याला ड्युरम म्हणतात. त्याचा दाणा काचेसारखा कठीण आणि आतून पिवळसर असतो, आणि दळल्यावर त्याचा आधी रवाच पडतो. दक्षिण इटलीचा पास्ता या रव्याचा आणि पाण्याचा आहे. तिथे वाळवलेला पास्ताही याच गव्हाच्या रव्याचा असावा, असा १९६७ पासून कायदा आहे. या गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन, चिवट असते, पण रबरासारखे मागे ओढले जात नाही. म्हणून अंड्याचा आधार न घेताही हाताने दिलेला आकार टिकतो आणि उकळत्या पाण्यात पास्ता विरघळत नाही.

हा ड्युरम आपल्या माळव्याचाच गहू आहे. आपण त्याला कठिया म्हणतो, महाराष्ट्रातले नातेवाईक बन्सी किंवा बक्षी म्हणतात, आणि बाफले-लाडूंसाठी तोच लागतो हे इंदूरच्या कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्राने ड्युरमचेच मालवशक्ती, पूसा तेजस असे वाण तयार केले आहेत. म्हणून माझे मत असे की तुम्ही मैद्याचा पास्ता शिकण्यात वेळ घालवण्याऐवजी रव्याचा शिकावा. परत आल्यावर तुमच्या चक्कीवर जे पीठ मिळेल, त्याच जातीचे पीठ तुम्ही तिथे मळलेले असेल.

एक खबरदारी घ्यावी. बाजारातला नेहमीचा उपम्याचा रवा यासाठी चालेलच असे नाही, कारण तो बहुधा साध्या गव्हाचा असतो. तिकडे हा रवा दोनदा दळतात, त्यामुळे तो आपल्या बारीक रव्याहूनही बारीक, पण पिठाहून किंचित खरखरीत असतो. बाफल्याचा जाडा आटाही चालणार नाही; त्यातला कोंडा पास्त्याला चिरा पाडतो. कठिया गहू बारीक दळून आणावा आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळून घ्यावा.

उत्तर (मूळ वैशाली नगर, इंदूर, सध्या तोरिनो)

काकू, मी शिक्षणासाठी इटलीत राहतो आणि गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन दक्षिणेत गेलो होतो. वर सुदामा नगरच्या काकांनी जे लिहिले आहे, ते मनात ठेवून मी तर म्हणेन की मोकळे दिवस पुल्या प्रांतात, बारी शहरात घालवा. रोमहून थेट वेगवान गाडीने सुमारे चार तास लागतात. बारीच्या जुन्या शहरात एका गल्लीत बायका घरांच्या दारात टेबले मांडून ओरेक्किएत्ते करत बसलेल्या असतात. रव्याच्या पिठाची दोरी वळायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने खरखरीत लाकडावर स्वतःकडे ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की लहानशा कानासारखा आकार होतो. माझ्या आईने ते पाहिले आणि लगेच म्हणाली, ‘अरे, या तर नखुल्या!’ लग्नाच्या आधी आजीच्या वाड्यात गव्हले, मालत्या, नखुल्या करायला साऱ्या आळीतल्या बायका जमत, त्याची तिला आठवण झाली. त्या टेबलामागच्या आजींना मराठी येत नव्हते आणि आईला इटालियन, तरी आईने एक तुकडा उचलून नखाने वळून दाखवला आणि त्यांनी तो आपल्या ढिगात ठेवून दिला.

तिथला वर्ग आम्ही एका घरी घेतला. पाच जणच होतो, दर माणशी ८० युरो दिले, आणि पिठात रवा, पाणी, मीठ याखेरीज काही नव्हते. मात्र ओरेक्किएत्तेबरोबर तिथे जी कडसर हिरवी भाजी, चीमे दी रापा, करतात, तिच्या फोडणीत अँचोवी हा खारवलेला मासा सर्रास विरघळवलेला असतो आणि ताटात तो दिसतही नाही.

म्हणून नोंदणीच्या वेळी केवळ ‘शाकाहारी’ न लिहिता पदार्थांची नावे घेऊन लिहावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अंडे नको : ‘सेंत्सा उओवा’. अँचोवी नको : ‘सेंत्सा अच्चूगे’. मांसाचे पाणी नको : ‘सेंत्सा ब्रोदो दी कार्ने’; रिसोत्तो या भाताच्या पदार्थात किंवा भाजीच्या सूपमध्येही ते असू शकते. डुकराची चरबी नको : ‘सेंत्सा स्त्रुत्तो’, उत्तरेकडच्या पियादिना या पोळीत ती परंपरेने घालतात. पान्ना कोत्ता ही सायीची खीर गोड असली तरी जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनने घट्ट केलेली असते. चीजचे तर घरात आधीच बोलून घ्या : पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटनेच जमवतात, आणि रोमकडचे पेकोरीनो कोकराच्या. आमचे बाबा ते कळल्यावर खात नाहीत. तिथल्या बाईंनी त्यांच्या ताटावर चीजऐवजी तेलात कुरकुरीत परतलेला पावाचा चुरा घातला, जो त्या भागातला जुना रिवाज आहे आणि आम्हा सर्वांना चीजहून अधिक आवडला.

उत्तर (राजेंद्र नगर, इंदूर)

बारीचे वर्णन वाचून मलाही जावेसे वाटले. तरीही ताई, अकरा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स आणि बारी असे तीन मुक्काम करायचे म्हटले, तर सामान बांधण्यात आणि गाडीत दोन दिवस जातील, आणि तुमच्यापैकी कुणाला गुडघ्यांचा त्रास असेल तर ते जड जाईल. सिएनाचा एक दिवस सोपा आहे. फक्त वर्गाआधी बाजारफेरी असेल तर रविवार टाळा, कारण भाजीबाजार सकाळचे असतात आणि रविवारी बहुतेक बंद.

प्रश्नकर्तीचे उत्तर (लोकमान्य नगर, इंदूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. घरी सर्वांना वाचून दाखवले. नखुल्यांचे वाचल्यावर जाऊबाईंनी बारीचाच आग्रह धरला, कारण त्यांच्या माहेरी, देवासला, त्या स्वतः हे करत असत. शेवटी फ्लॉरेन्सच्या दोन रात्री कमी करून, रोमला परत येण्याआधी बारीला तीन रात्री राहायचे ठरवले आहे. एका घरगुती वर्गाला वर दिलेले सगळे शब्द लिहून पाठवले. उत्तरात त्यांनी पदार्थांची पूर्ण यादी आणि प्रत्येकातील जिन्नस कळवले, त्यामुळे यजमानही निश्चिंत आहेत.

जाण्याआधी हात बसावा म्हणून काल कठिया गहू दळून आणला, चाळला आणि २०० ग्रॅम पिठात ८० मिली पाणी घालून मळले. आकार बरे आले, पण अंगठ्यावर उलटे करताना कडा फाटत होत्या, आणि शिजल्यावर मधला भाग कच्चट राहिला. पाणी कमी पडले की मळणे?

उत्तर (मूळ वैशाली नगर, इंदूर, सध्या तोरिनो)

काकू, दोन्ही. रव्याच्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी लागते, म्हणजे तुमच्या २०० ग्रॅमला १०० मिली, आणि घरच्या दळणात थोडा कोंडा राहतो म्हणून पाच-दहा मिली अधिकही लागेल. पाणी कोमट घ्या, दहा मिनिटे तळव्याच्या टाचेने मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. कडक गव्हाचा कण पाणी सावकाश पितो. तुकडे थोडे लहान कापा, म्हणजे मध्य जाड राहणार नाही. शिजवताना १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हे प्रमाण तिथे धरतात. आणि पोळपाट गुळगुळीत असेल तर तो बाजूला ठेवून घरातला जुना, खरखरीत झालेला लाकडी पाट धुऊन वापरून पाहा.