इंदूरच्या महू रोडच्या प्लॉटवर पानगळीचं झाड कोणतं लावू?

नवा_प्लॉट: वर दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम. पहिले दोन उन्हाळे टँकरचं पाणी देऊ, पुढे फक्त पाऊस. तीन झाडं, खर्च ३,००० पर्यंत. उन्हाळ्यात पानं गळाली तरी चालेल.

सुदामानगर_काका: डोळे मिटून साग लावा. माझे बारा आज दुमजली घराएवढे झालेत. उन्हाळ्यात पानंच नसतात, मग पाणी कशाला लागतंय!

मुरूम_माती: काका, तुमच्याकडे उतार असेल. माझे चार साग काळ्या मातीत पाणी तुंबून गेले. सागाच्या खोडात रुंद नळ्या असतात, पावसाळ्यात भराभर पाणी ओढतात. जमीन सुकली की नळ्यांत हवा शिरून धार तुटते, म्हणून तो पानं टाकून देतो.

बहावा_प्रेमी: आठ फुटी बहावा आणा, ४,००० ला एक. माझा दुसऱ्याच वर्षी फुलला.

नवा_प्लॉट: ३,००० तिन्ही झाडांचे मिळून हो.

छावणीकर: पळस का नाही? रंगपंचमीच्या मिरवणुकीतल्या, म्हणजे गेरीच्या रंगाचा टेसू तो हाच.

मुरूम_माती: मोठं रोप मुळीच नको. माझ्या मेलेल्या सागाची पिशवी फाडली तर मुळं जिलबीसारखी गोल गुंडाळलेली, खाली एकही गेलेलं नाही. काटेसावर, सालई मऊ खोडात पाणी साठवून उन्हाळा काढतात. अंजन निमाडात खडकाच्या भेगांत मुळं घालून उभा असतो. मोह, कुसुम तर भर मार्च-एप्रिलात नवी पालवी काढतात, कारण मूळ खोल ओलीला लागलेलं असतं. अंजन लावा.

सुदामानगर_काका: पुन्हा सांगतो, साग.

नवा_प्लॉट: सगळ्यांचे मनापासून आभार. मी मोह लावतोय. एप्रिलात चोरलच्या रस्त्याला पाहिला, आजूबाजूचे साग उघडे आणि याला तांबूस पालवी. मनातून जात नाही. रोप नाही, बीच पेरीन, म्हणजे मूळ सरळ खाली जाईल.

बहावा_प्रेमी: फुलं यायला आठ-दहा वर्षं थांबाल?

नवा_प्लॉट: थांबेन.

मुरूम_माती: मग बी जून-जुलैत झाडाखालचं ताजंच उचला, ठेवलं की उगवत नाही. एका खड्ड्यात तीन टाका, आणि खड्डा मुरुमापर्यंत फोडून घ्या.