ओत्सुकाच्या ‘नाकिर्यू’त चौघांनी जायचं म्हटलं तर जमेल का?

मोगरा

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आम्ही चौघं टोकियोला निघालोय. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हॉटेल ओत्सुकाला घेतलंय, यामानोते लाइनवर. बुकिंग झाल्यावर कळलं की तिथून चालत जाण्यासारखं ‘नाकिर्यू’ हे रामेनचं, म्हणजे गरम सूपमधल्या नूडल्सचं, दुकान आहे आणि खाण्याच्या चांगल्या जागांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या २०१७ च्या टोकियो आवृत्तीत त्याला एक तारा मिळाला होता. तेव्हापासून नवऱ्याच्या तोंडी दुसरं नाव नाही.

पण अडचणी बऱ्याच आहेत. दुकानात म्हणे काउंटरच्या जेमतेम दहा खुर्च्या. बाहेर कायम रांग. सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यांना अंडंही चालत नाही. मुलगा निवांत जेवणारा, एका घासाला पाच प्रश्न विचारणारा. जपानी आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

तिथे किंवा अशा छोट्या नावाजलेल्या दुकानात कुणी जेवलं असेल तर सांगा. चौघांनी जावं का? आत गेल्यावर नेमकं काय करायचं असतं? आणि एवढं ताटकळण्याइतकं ते खरंच चांगलं असतं का?

डोंगरवाट

मुलगा बरोबर असेल तर मी सरळ ‘इचिरान’ या रामेनच्या दुकानात जाईन. प्रत्येकाला वेगळा कप्पा, मध्ये फळी. तिखट किती, नूडल्स कडक की मऊ, लसूण हवी की नको, सगळं कागदावर खुणा करून द्यायचं. इंग्रजी कागदही मिळतो. शिबुया, शिंजुकू दोन्हीकडे शाखा आहेत. सूप मात्र डुकराच्या हाडांचं, त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न सुटत नाही.

सुगामोकर

मोगराताई, मी ओत्सुकाच्या पुढच्याच स्टेशनला, सुगामोला राहतो. नाकिर्यू माझ्या येण्याजाण्याच्या टापूतलं आहे. चौघांनी जाऊ नका. तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघंच जा. पण जरूर जा.

दहा खुर्च्यांच्या काउंटरवर लागून चार जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. त्या होईपर्यंत थांबलात तर मागची सगळी रांग तुंबते. अशा दुकानांत माणशी एक वाडगा घ्यायचा असतो, दोघांत एक चालत नाही, त्यामुळे सासूबाईंना नुसतं सोबत म्हणून बसवता येणार नाही. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एकाने रांग धरायची आणि बाकीच्यांनी आयत्या वेळी येऊन मध्ये घुसायचं, हे इथे फार वाईट दिसतं. कित्येक दुकानांबाहेर तशी पाटीच लावलेली असते. जे खाणार ते सगळे पहिल्यापासून रांगेत हवेत.

बहुतेक दुकानांत पैसे आधी भरायचे असतात. दाराशी तिकिटाचं मशीन असतं, नोट घालायची, बटण दाबायचं, छोटं तिकीट पडतं, ते काउंटरवर ठेवायचं. कधी रांगेत असतानाच आतून कुणीतरी येऊन तिकीट काढून घ्यायला सांगतं आणि परत रांगेत उभं करतं. गोंधळू नका, तुम्ही बसण्याआधी किती नूडल्स टाकायच्या हे त्यांना त्यावरून कळतं. हजाराच्या नोटा जवळ ठेवा, दहा हजारांची नोट न घेणारी मशीन पुष्कळ आहेत. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, त्याही काही जुन्या मशीनमध्ये चालत नाहीत, म्हणून थोड्या जुन्या आणि थोडी चिल्लर असलेली बरी.

बसलात की बॅग खुर्चीखालच्या टोपलीत नाहीतर हुकाला. पाणी बहुधा आपलं आपण घ्यायचं. आणि मग फोन बाजूला ठेवून समोर बघत बसा, कारण या दुकानांमधली सर्वांत चांगली जागा म्हणजे हा काउंटरच. गरम पाण्याने वाडगा तापवून घेतात. तळाशी चवीचा दाट अर्क पडतो, तांतानमेन, म्हणजे तिळाच्या सूपमधलं तिखट रामेन, असेल तर त्यात वाटलेले तीळ, मग उकळतं सूप. त्याच क्षणाला नूडल्सची जाळी पाण्यातून वर येते. मनगटाचे दोन-तीन कडक झटके, पाणी खाली, नूडल्स सूपमध्ये. मग स्वयंपाकी लांब चॉपस्टिक्सने त्या एकदा उचलतो आणि विंचरलेल्या केसांसारख्या सरळ घडीत खाली ठेवतो. त्या घडीकडे नीट बघा. बारीक नूडल्स अशा ठेवल्या की एकमेकींना चिकटत नाहीत आणि पहिल्याच उचलीला सुटून येतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं.

वाडगा समोर आला की एक फोटो काढा, आणि खायला लागा. रामेनच्या नूडल्समध्ये क्षारयुक्त पाणी घातलेलं असतं, त्यानेच त्यांना तो पिवळसर रंग आणि दाताखाली उसळी येते. पण गरम सूपमध्ये त्या पाणी पीतच राहतात. पाच मिनिटांनी वाडग्यात वेगळाच पदार्थ असतो, मऊ आणि फुगलेला. घाई करा असं इथे कुणी म्हणत नाही, कुणी डोळेही वटारत नाही. स्वयंपाक्याने सेकंद मोजून त्या बाहेर काढलेल्या असतात, तेवढ्यासाठीच वेळेत खायचं. माझ्या मते या दुकानांचे बाकीचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघालेत.

भुरके मारायला लाजू नका. नूडल्स ओढताना हवा आत जाते, तोंड भाजत नाही आणि वास थेट नाकात चढतो. आधी नुसत्या सूपचे एक-दोन घोट घ्या, मग नूडल्स. नाकिर्यूचं तांतानमेन लालभडक दिसतं, पण तिखटाच्या आधी तीळ लागतात आणि मागून व्हिनेगरची एक बारीक आंबट कड येते. त्या आंबटपणामुळे ते शेवटपर्यंत जड होत नाही. मिस्टरांना झणझणीत आवडत असेल तर माला तांतानमेन घेऊ द्या, त्यात जीभ बधिर करणारी मिरी असते. पण पहिल्यांदा साधंच घ्यावं असं मी सांगेन.

संपलं की वाडगा वरच्या कट्ट्यावर ठेवा, फडकं असेल तर समोरची जागा पुसा, ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा आणि उठा. एवढं एक जपानी वाक्य पाठ करून जा, आतून मोठ्याने उत्तर येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सुगामोत पूर्वी ‘त्सुता’ होतं. युकी ओनिशी यांनी २०१२ मध्ये काढलेलं, नऊ खुर्च्यांचं. डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गाइडमध्ये त्याला तारा मिळाला, जगात रामेनच्या दुकानाला मिळालेला पहिला. त्यानंतर गर्दी इतकी लोटली की सकाळीच रंगीत तिकिटं वाटायला लागले. हजार येन अनामत ठेवायची, तिकिटाच्या वेळेला परत यायचं, अनामत परत घ्यायची. मी त्या तिकिटासाठी थंडीत उभा राहिलोय. त्यांचं सोया चवीचं सूप आलं की पहिल्या घोटाला ट्रफलचा वास भरून यायचा, आणि वाडगा अर्धा होईपर्यंत तो मागे सरून कोंबडी आणि तिसऱ्यांची चव पुढे यायची. एका वाडग्यात चव अशी जागा बदलते हे मला तिथे कळलं. पुढे दुकान योयोगी-उएहाराला गेलं, आणि २०२२ मध्ये ओनिशी अवघ्या ४३ व्या वर्षी गेले. फार वाईट वाटलं. ज्या खाण्याला लोक पटकन पोट भरायची सोय समजत होते, त्यात त्या माणसाने एवढं लक्ष घातलं. नाकिर्यूचा तारा त्सुताच्या ताऱ्यानंतर वर्षभराने आला, आणि त्या दुकानातही मला तसंच लक्ष दिसतं. म्हणून म्हणतो, उभं राहण्यासारखं आहे.

हिरवी_मिरची

सुगामोकर, फार छान लिहिलंत.

मोगरा, सासूबाईंसाठी: टोकियो स्टेशनच्या आत ‘टीज तानतान’ आहे. मांस, मासे, अंडं, दूध, काहीच वापरत नाहीत. तिळाच्या सूपमधलं तांतानमेन हाच त्यांचा मुख्य पदार्थ, म्हणजे त्यांनाही तोच प्रकार खाता येईल. फक्त ते जेआर रेल्वेच्या तिकिटाच्या गेटच्या आत आहे, तेव्हा जेआरने कुठे जाता-येताना तिथे उतरा. ‘आफुरी’ या रामेनच्या दुकानातही एक व्हीगन रामेन असतं.

मशीनवरच्या चित्रात नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून बटण दाबू नका. वर कोबी आणि मोड आलेले मूग असले तरी खाली सूप डुकराचं नाहीतर कोंबडीचं असतं. उदोन आणि सोबा या दुसऱ्या नूडल्सच्या सूपमध्ये आणि मिसो सूपमध्येही बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अंश असतो. कोंबू ही समुद्री वनस्पती आणि शिताके अळंबी या दोघांवर उत्तम शाकाहारी सूप होतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी या पाचव्या चवीचं मूळ शोधलं तेही कोंबूमधूनच. पण तसं सूप करणारी जागा मुद्दाम शोधून जावं लागतं, आयत्या वेळी विचारून सहसा भागत नाही.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, आम्ही दोघंच जायचं ठरवलं. टीज तानतान पहिल्याच दिवशी करू.

दोन शंका. आम्ही रांगेत असताना सासूबाई आणि मुलगा काय करतील? त्या तब्येतीने खणखणीत आहेत, मोडकं इंग्रजी बोलतात, नकाशा वाचतात. आणि नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास आहे. सूप उरवलं तर अपमान समजतात का?

सुगामोकर

सूप खुशाल उरवा. पुष्कळ जपानी माणसंही उरवतात. एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं आणि त्यातलं बरंचसं सूपमध्ये. इथल्या आरोग्य खात्याने मोठ्या पुरुषांना दिवसभरासाठी साडेसात ग्रॅमच्या आत सांगितलंय. मिस्टरांनी नूडल्स आणि वरचं सगळं संपवावं, सूपचे मोजके घोट घ्यावेत. नूडल्स टाकून उठणं मात्र टाळा.

सासूबाई आणि मुलासाठी ओत्सुका स्टेशनला लागूनच ट्राम आहे, आराकावा लाइन, एका डब्याची. मुलाला नक्की आवडेल. त्यांनी ‘कोशिन्झुका’ला उतरावं, मधलं एकच स्टेशन सोडून. तिथूनच सुगामोची जिझो-दोरी बाजारपेठ सुरू होते. सगळी वयस्कर गिऱ्हाइकं, आरामात चालणारी. पुढे कोगान्जी मंदिरात कान्नोन या करुणेच्या देवतेची दगडी मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तोच भाग लोक पांढऱ्या कापडाने पुसतात. सुट्टीच्या दिवशी त्यालाही रांग असते, पण भराभर सरकते. वाटेत शिओ दाइफुकू मिळेल, तांदळाच्या चिकट पारीत गोड लाल चवळीसारख्या बियांचं सारण आणि वरून मिठाची चव. साधारणपणे त्यात अंडं नसतं, तरी घेताना विचारावं.

परतीची ट्राम मिनोवाबाशीकडची नको, वासेदाकडची घ्या. स्टॉपवर दोन्ही नावं इंग्रजीत लिहिलेली असतात. आणि नाकिर्यूच्या सुट्टीचा दिवस निघण्याआधी तपासा. मिनामी-ओत्सुका म्हणजे स्टेशनची दक्षिण बाजू, रांग दिसली की दुकान सापडलं.

मोगरा

ट्रामचं ऐकून मुलगा आत्ताच बॅग भरायला बसलाय. तारखा ठरल्या की इथेच कळवते.