अनुभव धागा: तान्ह्या बाळाच्या अंगावर हे काय उमटलं?

मुलगी तीन दिवसांची. म्हापशाचं प्रसूतिगृह, बाहेर धो धो पाऊस. लंगोट बदलायला तिला कुशीवर वळवलं आणि माझा हातच थांबला. खालची अर्धी बाजू बीटासारखी लाल, वरची पांढुरकी. मधोमध रेघ, कपाळापासून बेंबीपर्यंत, सुताराने दोरी धरून आखावी तशी. बाईसाहेब मजेत मूठ चोखतायत. "कितें जालें गो?" म्हणत नर्स येईपर्यंत रंग पुन्हा एकसारखा! सासूबाईंचं निदान: बाळंतिणीची झोप होत नाही, भास होतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं, तेव्हा नवऱ्याने फोटो काढला. डॉक्टर फोटो बघून हसलेच. हार्लेक्विन कलर चेंज. रक्तवाहिन्या आवळण्या-सैलावण्यावरचा मेंदूचा ताबा अजून कच्चा असतो, म्हणून खालच्या अंगाला लाली चढते. अर्ध्या मिनिटापासून वीसेक मिनिटं टिकते, कूस बदलली की बहुधा जाते. वैद्यकात १९५२ पासून नोंद आहे. (नेटवर शोधताना मी हार्लेक्विन इक्थिओसिस उघडला. तो पूर्ण वेगळा आणि गंभीर आजार. रात्रभर रडले.)

तुमच्याकडे काय दिसलं होतं? लिहा. बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, तर मात्र इथे टंकत बसू नका, डॉक्टर गाठा.

*डिचोलीहून*
आमच्याकडे दुसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे, मधे पिवळट टिपका. पिसवा चावल्यासारखे. तळहात-तळपाय तेवढे कोरे. आईने ढेकूण शोधायला गादी उसवली, कापूस अख्ख्या खोलीत! नाव भीतिदायक, एरिथेमा टॉक्सिकम, पण विष-बिष काही नाही. पूर्ण दिवसांच्या जवळपास निम्म्या बाळांना होतं म्हणे. आठवड्यात गेलं. न्हाऊ घालणाऱ्या बाईला डाळीचं पीठ चोळू दिलं नाही, त्यावरून ती रुसली ती रुसलीच.

*साखळी*
नाकावर रव्याचे कण. मिलिया. आत्याने नख लावून एक काढला. बाकीचे महिन्याभरात आपोआप गेले, नखाची खूण आहे अजून.

*पेडण्याहून, पण गोष्ट इंग्लंडमधल्या स्विंडनची*
भाऊ-वहिनी तिकडे. पुतण्याच्या कुल्ल्यांवर आणि कमरेवर निळे-करडे डाग. आपल्याकडे कोण लक्ष देतो? माझ्या दोन्ही मुलांना होते. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खालच्या थरात अडकून राहतात, तिथून रंग निळा दिसतो. शाळेत जाईपर्यंत बहुतेकांचे विरतात. तिकडे मात्र हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सने, डाग मापून बाळाच्या लाल वहीत (तब्येतीच्या नोंदींची वही) जागेसकट लिहून घेतले. का, तर उद्या कोणाला ते माराचे वळ वाटू नयेत. वहिनी आधी हादरली, मग म्हणाली, बरं झालं लिहिलं.

*फोंडा*
मानेवर, केसांखाली लाल डाग. आजीने माझ्यावरच आळ घेतला, ग्रहणात सुपारी कातरली असशील. कालनिर्णय काढून दाखवलं, त्या नऊ महिन्यांत इथे दिसणारं ग्रहणच नव्हतं. मग म्हणे विळीवर बसली असशील. लेक आता सहावीत आहे, केस बारीक कापले की डाग दिसतो. मानेवरचे बरेचदा राहतात.

*पुन्हा मी, म्हापसा*
फोटो मागितलात, पण मुलीचा इथे टाकणार नाही. तो आता सासूबाईंच्या फोनवर आहे. शेजारणींना दाखवतात आणि सांगतात, पहिल्यांदा मीच बघितलं.