कुऱ्हाडीचा सैल दांडा आणि रस्त्यावर मेलेले काळवीट

प्रश्न: आमचे गाव येवला तालुक्यात, ममदापूरच्या राखीव क्षेत्राजवळ आहे. सरपणासाठी बाभूळ फोडताना कुऱ्हाड दांड्यावर सैल होते. रात्रभर पाण्यात ठेवली की दोन दिवस घट्ट राहते, मग पुन्हा डुगडुगते. शिवाय परवा पहाटे वाहनाच्या धडकेने मेलेले काळवीट दिसले, तेव्हा शेजारचे अण्णा म्हणाले, मटण वाया का घालवायचे? ते घरी नेलेले चालते का?

उत्तर १: मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे आणि कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो. अमेरिकेतील काही राज्यांत असे हरीण परवाना घेऊन नेता येते, ते ऐकून आपल्याकडे कोणी हात घालू नये. वनरक्षकाला कळवा, तेच पंचनामा करतील.

उत्तर २: पाण्याने लाकूड फुगते, वाळले की आकसते, आणि दर वेळी तंतू दबून दांडा आणखी बारीक होतो, म्हणून भिजवणे हा उपाय नव्हे, रोगच आहे. सावलीत पुरता वाळलेला बाभळीचा दांडा घ्या, टोकाला उभी चीर पाडा, भोकातून टोक बोटभर बाहेर काढा आणि सुक्या लाकडाची पाचर ठोका. सैल कुऱ्हाड मात्र एक दिवसही वापरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वनरक्षकांना आताच फोन केला. अण्णांची समजूत काढणे तेवढे बाकी आहे.