खांब जागेवरच आहे, मग आठ वर्षांत 43 सेंटिमीटर सरकला कसा?

बार्शीकर_मोजणीवाला:
मंडळी, डोकं चालेना म्हणून विचारतोय. 2017 च्या डिसेंबरात बार्शीजवळ एका कारखान्यासाठी काँक्रीटचे दोन खांब रोवले होते. पहिल्यावर सहा तास जीपीएस रिसीव्हर ठेवून फाइल ऑस्ट्रेलियाच्या 'ऑसपॉस' सेवेला पाठवली होती (उपग्रहांच्या नोंदींवरून जागेचे नेमके अक्षांश-रेखांश काढून देते; फुकट असते, घरबसल्या उत्तर येतं). आता विस्ताराचं काम निघालं, म्हणून 2025 च्या डिसेंबरात त्याच खांबावर तेवढाच वेळ बसून परत पाठवली. उत्तर काय, तर खांब पूर्वेला 33 आणि उत्तरेला 28 सेंमी गेला! उंचीत फरक जेमतेम एक सेंमी. बुंध्याशी तडा नाही, माती हललेली नाही. मालक विचारतोय, "तेव्हा चुकला होतात की आता?"

रोव्हर_बाबा:
सेंट्रिंग बघा भाऊ, रिसीव्हर खुणेच्या बरोबर वर होता का ते. नाहीतर ट्रॅक्टरचा धक्का.

बार्शीकर_मोजणीवाला:
बाबा, खांबाचा माथा 30 सेंमीचा. एवढं सेंट्रिंग चुकलं असतं तर रिसीव्हर हवेत असता.

निवृत्त_त्रिकोणी:
दोन्ही वेळा बरोबर होतात. रिपोर्ट काढा. पहिल्यावर आयटीआरएफ 2014 असेल, दुसऱ्यावर आयटीआरएफ 2020. आयटीआरएफ म्हणजे सगळ्या जगाचे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात ती चौकट. या नावांतल्या बदलाला दोष देऊ नका, तो मिलिमीटरांचा आहे. खरी गोष्ट म्हणजे ही चौकट पृथ्वीच्या मध्याला बांधलेली आहे, भारताला नाही. आणि आपला भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला पाच सेंमीच्या आसपास चाललाय. आठ वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा.

आता हे ऑस्ट्रेलियाला कसं कळलं? ऑसपॉस तुमची फाइल एकटी सोडवत नाही. तुमच्या आसपासची पंधरापर्यंत आयजीएस स्टेशनं (उपग्रहांचे संकेत सतत नोंदणाऱ्या जगभरच्या जाळ्यातली) सोबत घेते. रिपोर्टमधल्या यादीत हैदराबाद नाहीतर बंगळुरू आहे का पाहा. आयजीएस 1994 पासून चालू आहे. स्टेशनं वेगवेगळ्या देशांच्या संस्थांची, डेटा मात्र सगळ्यांना खुला. चौकटीचा मध्य ठरतो उपग्रहांवर लेसर मारून. पृथ्वी नेमकी किती फिरली ते कळतं कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबच्या क्वेसारांवरून (रेडिओलहरी सोडणारे, आकाशात स्थिर दिसणारे तेजस्वी बिंदू), आणि त्यासाठी दोन खंडांवरच्या अँटेनांनी एकाच वेळी एकाच क्वेसारकडे बघावं लागतं. कुठल्याही देशाला हे एकट्याने, आपल्या हद्दीत बसून जमत नाही.

आमची पिढी वेगळ्या चौकटीत वाढली. लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने 1802 साली मद्रासहून भारत मोजायला त्रिकोणांची साखळी सुरू केली, 1823 साली तो आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्याचा 1830 चा गोलाभ (पृथ्वीचा हिशोबासाठी धरलेला चपटा गोल आकार) उपखंडाला नीट बसायचा, बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. म्हणून जुन्या टोपोशीटवरचे (सरकारी भूनकाशांवरचे) अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले की आपल्याकडे शंभर मीटरच्या वर चूक येते. हे मी स्वतः केलंय. विहीर शोधायला निघालो आणि दुसऱ्याच्या उसात जाऊन उभा राहिलो.

राइनकाठचा_मराठी:
काका, आमच्याकडचा किस्सा ऐका. लाउफेनबुर्गला राइनवर पूल बांधत होते, एक टोक जर्मनीत, दुसरं स्वित्झर्लंडमध्ये. जर्मनीची उंची ॲमस्टरडॅमच्या समुद्रावरून, स्वित्झर्लंडची फ्रान्समधल्या मार्सेच्या. दोन्हींत 27 सेंमीचा फरक, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता! दुरुस्तीही केली, फक्त चिन्ह उलटं लावलं. 2003 मध्ये लक्षात आलं तेव्हा फरक 54 झाला होता.

बाकी काका म्हणतात त्या जागतिक चौकटीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फेब्रुवारी 2015 मध्ये ठराव केलाय, आणि 2023 पासून इथे बॉनमध्ये त्यांचं भूगणिताचं (पृथ्वीचा आकार नि जागा मोजण्याच्या शास्त्राचं) केंद्रही आहे.

निवृत्त_त्रिकोणी:
ठराव चांगलाच आहे, पण बंधनकारक नाही. अँटेनेचं वंगण आणि ऑपरेटरचा पगार ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. दक्षिण गोलार्धात क्वेसार बघणाऱ्या अँटेना आधीच कमी. त्यातली एक बंद पडली की चौकट तिकडे लंगडी होते, आणि ते आपल्या बांधावर कुणाला कळतही नाही.

बार्शीकर_मोजणीवाला:
यादीत हैदराबाद सापडलं! मग आता नकाशा कुठल्या आकड्यांवर करू?

निवृत्त_त्रिकोणी:
जुनं काम 2017 च्या आकड्यांवर झालंय ना? मग बेसला (खांबावर ठेवायच्या रिसीव्हरला) तेच आकडे द्या, नाहीतर नवी भिंत जुन्या शेडला 43 सेंमीने चुकेल. आणि नकाशाच्या कोपऱ्यात चौकटीचं नाव व मोजणीची तारीख लिहा. नुसते अक्षांश-रेखांश देऊ नका. आधी दोन खांबांमधलं अंतर मात्र तपासा; ते तेवढंच असेल तर एकटा खांब हललेला नाही.

बार्शीकर_मोजणीवाला:
तपासलं. तेव्हा 612.384 मीटर, आता 612.387. सुटलो! पण मालकाला सांगायचं कसं? तुमची जमीन सरकली म्हटलं की तो उद्याच शेजाऱ्यावर दावा लावेल.

रोव्हर_बाबा:
सांगा की, शेजाऱ्याचीही तेवढीच सरकलीय.